आवाज क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर? गाडीच्या आवाजाचा माग कसा काढायचा

परवा रात्री मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडी आवाज करतेय, गॅरेजवाला म्हणतोय गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उतरवतोच आहे तर क्लच सेट पण टाकून घ्या म्हणतोय, काय करू?" मी विचारलं आवाज कधी येतो, तर म्हणाला घूं घूं असा येतो. अरे कसा येतो ते नाही, कधी येतो? क्लच दाबल्यावर की सोडल्यावर, गाडी उभी असताना की पळताना, सरळ रस्त्यावर की वळणावर? गडी गप्प. म्हणजे तीस-चाळीस किलोमीटर तो आवाज ऐकत आला, गॅरेजवाल्यानेही एक चक्कर मारली, आणि मुख्य प्रश्न दोघांपैकी कुणीच विचारला नाही.

आपल्या मराठीत आवाजाला शब्दांची कमी नाही, करकर वेगळी, किरकिर वेगळी, खरखर, घरघर, खडखड, कटकट, सगळ्यांना आपापली जागा आहे आणि मेकॅनिकला सांगताना त्याचा उपयोगही होतो. पण गाडी म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यातून आवाज असा फिरतो की मागच्या चाकाचा आवाज गिअर लिव्हरखाली ऐकू येतो. नुसत्या आवाजावरून पार्ट ओळखायला गेलात की फसलात. त्यापेक्षा कधी सुरू होतो आणि काय केलं की थांबतो हे पकडायचं, कारण क्लच आणि गिअरबॉक्समधले सगळे पार्ट काही एकाच वेळी फिरत नसतात. जो पार्ट त्या क्षणी फिरतच नाही त्याचं बेरिंग घरघर करू शकत नाही, इतकं साधं आहे हे. आता कुठला पार्ट कधी फिरतो तेवढं कळलं की निम्मं काम झालं.

इंजिनच्या शाफ्टला मागे एक जाड लोखंडी चकती बोल्टने बसवलेली असते, ते फ्लायव्हील. त्यावर झाकणासारखी प्रेशर प्लेट बसते. या दोघांच्या मधे क्लच प्लेट. दोन तव्यांच्या मधे भाकरी घट्ट दाबून धरली आणि तवे फिरवले तर भाकरी पण फिरणार, तसं क्लच सोडलेला असताना प्लेट फ्लायव्हीलबरोबर फिरते, आणि त्या प्लेटच्या मधोमध दातऱ्यांमध्ये गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट अडकलेला असतो म्हणून तोही फिरतो. पेडल दाबलं की केबल किंवा हायड्रॉलिकने एक फोर्क ढकलला जातो, फोर्कवर असतं रिलीज बेरिंग, ते बेरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्यांवर दाब देतं, वरचा तवा उचलला जातो आणि भाकरी मोकळी होते. इंजिन फिरतंय, इनपुट शाफ्ट थांबला. (काही गाड्यांत फोर्क नसतो, हायड्रॉलिक सिलेंडर आणि बेरिंग एकच असतं आणि शाफ्टभोवतीच बसतं, पण काम तेच.)

यात लोकांची एक गोष्ट हमखास चुकते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, क्लच सोडलेला आहे, म्हणजे गिअरबॉक्स शांत बसलाय असं वाटतं. तसं नाही. न्यूट्रलमध्ये सुद्धा इनपुट शाफ्ट फिरतोय, त्याला जोडलेला खालचा शाफ्ट फिरतोय, गिअर एकमेकांत अडकून फिरतायत, फक्त चाकांकडे ताकद जात नाही. गिअरबॉक्सची आतली फिराफिरी थांबते ती क्लच दाबल्यावर. म्हणून पेडल हेच आपलं हत्यार.

आता करून बघायचं. सपाट मोकळी जागा, हँडब्रेक ओढलेला, एसी आणि पंखा बंद कारण एसीचा कॉम्प्रेसर आणि बेल्ट स्वतःचेच आवाज काढून घोळ घालतात. बंद पार्किंगमध्ये करू नका, धूर साठतो. आणि सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवूनच पेडल चार-पाच वेळा सावकाश दाबा. इंजिन बंद असताना चूं चूं आलं तर फिरणाऱ्या कुठल्याच पार्टचा प्रश्न नाही, पेडलचा बुश, केबल किंवा फोर्क जिथे टेकतो तो पॉइंट कोरडा पडलाय. पावसाळ्यानंतर केबलवाल्या गाड्यांत हे फार होतं. कित्येकदा पेडलच्या बुशला थोडं ग्रीस लागलं की विषय संपतो, आणि याच आवाजासाठी क्लच सेट बदललेले लोक मी पाहिलेत.

मग इंजिन चालू करा, न्यूट्रल, पाय पेडलपासून लांब. ऐका. मग पाय नुसता टेकवा, एक-दोन सेंटिमीटर जाईल इतकाच, आणि ऐका. मग पूर्ण दाबा. मग पूर्ण दाबलेलं ठेवून पहिला गिअर टाका, पाय सोडू नका. प्रत्येक पायरीवर दहा सेकंद थांबा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला आणि जितकं दाबाल तितका वाढला, तर रिलीज बेरिंग. दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी, कारण त्यावर खरा दाब येतो तो पेडल दाबल्यावरच. उलट पाय लांब असताना चिरचिर येते आणि पाय नुसता टेकवला की बंद होते, तर बेरिंग किंवा फोर्क सैल आहे, पाकळ्यांना निसटतं घासतंय, हलका दाब आला की जागेवर बसतंय, पण तेही जाण्याच्या मार्गावरच समजायचं. पेडल दाबलेलं असताना पहिला गिअर टाकल्यावर आवाज आणखी वाढला तर मात्र थोडा विचार करायचा. काही गाड्यांत, खास करून मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांत, इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या शाफ्टमध्ये एका छोट्या बेरिंगवर किंवा बुशवर टेकलेलं असतं, पायलट बेरिंग. गिअर टाकल्यावर इनपुट शाफ्ट एकदम थांबतो आणि इंजिन मात्र फिरतंय, म्हणजे त्या छोट्या बेरिंगवर फरक सगळ्यात जास्त तेव्हाच. आडव्या इंजिनच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हे बेरिंग नसतंच, तेव्हा तुमच्या गाडीत आहे का ते आधी विचारून घ्या.

रिलीज बेरिंगबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण ते आमच्या घरात घडलंय. वडिलांच्या गाडीत कुईं कुईं सुरू झालं, क्लच दाबला की यायचं. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवीन टाकली, बिल घेतलं. तीन महिन्यांनी परत तोच आवाज. यावेळी आम्ही दुसरीकडे गेलो, गिअरबॉक्स पुन्हा उतरला, आणि त्या मेकॅनिकने आतून बेरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "दादा, बोटाने फिरवा." फिरवलं, तर वाळू भरल्यासारखं करकरत अडखळत फिरलं आणि तळहाताला त्याचे दाणे जाणवले. मग त्याने डब्यातलं नवीन दिलं. ते फिरवलं तर आवाजच नाही, ग्रीसमुळे थोडं जड, मऊ, बोट काढलं की लगेच थांबणारं. जुन्यातलं ग्रीस पार सुकून गेलं होतं, तोंडाला चकचकीत रिंग पडलेली, आणि नव्या कोऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांच्या टोकांवर तीन महिन्यांतच तशीच घासलेली रिंग दिसत होती. म्हणजे पहिल्या ठिकाणी प्लेटा बदलल्या आणि आवाज करणारं बेरिंगच जुनं ठेवलं. त्या एवढ्याशा पार्टसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा गेली, वडील आठ दिवस रिक्षाने फिरले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, गिअरबॉक्स उतरला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेरिंग तिन्ही एकत्र, आणि जुने तिन्ही पार्ट डोळ्यांनी बघून घ्यायचे.

हे बेरिंग लवकर जातं त्यात आपल्या सवयीचा पण हात असतो. सिग्नलला नव्वद सेकंद दिसतायत तरी गाडी पहिल्यात टाकून क्लच दाबून बसणारे निम्मे लोक असतात, आणि चालवताना डावा पाय पेडलवरच ठेवणारे वेगळे. तेवढा सगळा वेळ बेरिंगवर दाब चालू. न्यूट्रल करून पाय खाली ठेवला की ते सुटतं.

आता उलटी केस. पाय लांब असताना आवाज आहे आणि क्लच पूर्ण दाबला की हळूहळू बंद होतो. म्हणजे जे थांबलं त्याचा आवाज होता: इनपुट शाफ्ट, त्याचं बेरिंग, आतले गिअर. पण इथेच घाई करू नका, इथे तीन-चार गोष्टी एकसारख्या ऐकू येतात आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हळूच रेस करून इंजिन बाराशे-पंधराशे आरपीएमवर न्या. घरघर आरपीएमबरोबर चढत गेली तर बेरिंग, मग गिअरबॉक्स खोलणं आलं. आणि आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न देता इंजिन संथ चालू असताना, खडखड आहे पण थोडी रेस दिली की गायब, तर ते बेरिंग नाही. इंजिन आयडलला एकसारखं फिरत नाही, प्रत्येक सिलेंडर पेटला की एक धक्का देतं, डिझेलमध्ये तो धक्का जोरात असतो, आणि त्या धक्क्यांनी मोकळे गिअर एकमेकांवर आपटतात. थोडीफार अशी खडखड बऱ्याच डिझेल गाड्यांत शोरूममधून निघाल्यापासून असते, ती आजार नाही. पण आधी नव्हती आणि आता वाढत चाललीय तर क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा सैल झाल्या असतील, प्लेटच्या मधोमध गोल मांडलेल्या त्या छोट्या स्प्रिंगा हे धक्के गिळायलाच दिलेल्या असतात.

काही डिझेल गाड्यांत आणि थोड्या पेट्रोल गाड्यांतही हे काम फ्लायव्हीलमध्येच घातलेलं असतं, ड्युअल मास फ्लायव्हील म्हणतात, म्हणजे दोन तुकड्यांचं फ्लायव्हील आणि आत मोठ्या स्प्रिंगा. ते गेलं की चावी बंद करताना इंजिन थांबता थांबता खडाखडा आपटतं, चालू करताना पण. हे सहसा क्लच सेटपेक्षा महाग पडतं, त्यामुळे गाडीत ते आहे का आणि ते तपासलं का हे गिअरबॉक्स खाली असतानाच विचारायचं. साधं फ्लायव्हील असेल तर लेथवर फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून घेता येतं, ड्युअल मास मात्र बहुतेक वेळा पूर्णच बदलावं लागतं.

गिअर टाकताना कर्रर्र होतं त्याचं वेगळं. सगळ्याच गिअरला होतं की एकालाच, एवढं बघा. सगळ्यांना आणि रिव्हर्सला जास्तच, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये: केबल ढिली, हायड्रॉलिकमध्ये हवा, किंवा सिलेंडर लीक. पक्कं करायला क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका, तेवढ्यात इनपुट शाफ्ट थांबलेला असायला पाहिजे, तरीही करकरलं तर क्लच सुटत नाही हे नक्की. आणि न थांबता टाकल्यावरच करकरतो पण थांबून टाकला की गुपचूप जातो, तर ती खोटच नाही, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतं. हा सिंक्रोमेश म्हणजे पितळी रिंग, गिअर अडकायच्या आधी दोघांचा वेग घासून सारखा करणारी. १९२८ ला कॅडिलॅकने ती पहिल्यांदा गाडीत आणली, त्याआधी ड्रायव्हरला गिअर बदलताना न्यूट्रलमध्ये थांबून दोनदा क्लच मारून, म्हणजे डबल क्लचने, स्वतः वेग जुळवावा लागायचा, आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांना ते अंगवळणी पडलेलं होतं. तर एकाच गिअरला करकर होत असेल, समजा फक्त तिसऱ्याला, तर त्या गिअरची ती रिंग झिजलीय, क्लचला हात लावायची गरज नाही. गिअर ऑइल पण विचारा. बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलेलं असतं आणि गॅरेजमध्ये हाताशी असलेलं जीएल-५ भरलं जातं, ते जास्त दाबाच्या डिफरन्शियलसाठी (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) चांगलं पण काही गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना चालत नाही. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच.

उचलताना गाडी थरथरते, हादरे मारते, तेही लोक आवाज म्हणूनच सांगतात. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन उचलींना थरथरली आणि मग बरी झाली तर फ्लायव्हीलवर बारीक गंज धरला होता तो निघून गेला, सोडून द्या. कायमच थरथरत असेल तर प्लेटवर ऑइल आलंय, किंवा घाटात हाफ क्लचवर गाडी धरून धरून प्लेट आणि फ्लायव्हील भाजून निघालंय. कसारा घाटात नाहीतर खंडाळ्याला जाममध्ये चढावर उभी गाडी क्लचवर तोलून धरणं म्हणजे तवा गरम करणंच आहे, हँडब्रेक त्यासाठीच दिलाय. पण आधी इंजिनची माउंटिंग बघा, गॅरेजमध्ये त्यालाच फाउंडेशन म्हणतात. त्याचं रबर फाटलं तरी गाडी अशीच थरथरते आणि गिअर टाकताना ठक्क होतं, आणि ते गिअरबॉक्स न उतरवता बदलतं.

आता मावसभावाकडे येतो. त्याचा आवाज गाडी पळताना यायचा, उभ्या गाडीत नाही. मी त्याला म्हटलं सकाळी रिकाम्या सरळ रस्त्यावर जा, साठचा वेग घे आणि गाडी न्यूट्रल कर, इंजिन मात्र चालूच राहू दे, बंद केलंस तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतील. आवाज इंजिनबरोबर खाली बसला तर इंजिन-क्लचकडचा, आणि इंजिन आयडलला आलं तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबर तसाच चालू राहिला तर चाकं, एक्सल, डिफरन्शियल या बाजूचा. त्याचा तसाच राहिला. मग त्याच रस्त्यावर थोडं डावीकडे-उजवीकडे झुलवून बघायला सांगितलं. डावीकडे वळताना वाढतो, उजवीकडे कमी होतो. डावीकडे वळलं की गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं, म्हणजे उजव्या बाजूचं व्हील बेरिंग. गॅरेजमध्ये नीट स्टँडवर गाडी घेऊन चाक हाताने फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला तर पुढच्या उजव्या चाकाची खरखर स्प्रिंगमधून हाताला लागली, डाव्याची लागली नाही. एक बेरिंग बदललं, गिअरबॉक्सला हातही लागला नाही. झुलवल्यावर काहीच बदललं नसतं तर मी टायर बघायला सांगितले असते, पट्टे-पट्टे झिजलेला टायर अगदी बेरिंगसारखाच घूं करतो, पुढचे मागे करून बघितले की आवाज जागा बदलतो. जॅकवरच्या गाडीखाली मात्र स्टँड न लावता कधीच शिरू नका.

वळताना टकटकटक येत असेल तर मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून. टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा वळणारा सांधा, आणि पहिला संशय वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या चाकावर, पण बूट दोन्हीकडचे बघाच. बूट म्हणजे जॉइंटवरची ती रबरी घडीची पिशवी. ती फाटली की ग्रीस बाहेर उडतं, चाकाच्या आतल्या बाजूला काळे चिकट शिंतोडे दिसतात, आणि आत चिखल-पाणी शिरतं. फाटलेला बूट वेळेत दिसला तर फक्त बूट आणि ग्रीस, आणि पावसाळाभर तसाच चालवला तर अख्खा जॉइंट. पावसाळ्याच्या आधी एकदा वाकून टॉर्चने बघायला पाच मिनिटं लागतात. वळताना नाही पण सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की थरथर, सोडला की बंद, तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मधे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, येतात. पुढच्या गिअरमधून रिव्हर्सला घेताना टंग्ग आणि हळू चालताना चूं चूं, तर क्रॉसमधलं ग्रीस गेलं. आणि अशा गाड्यांत चौथा गिअर बहुतेक डायरेक्ट असतो, ताकद खालच्या शाफ्टवरून न जाता सरळ निघून जाते, त्यामुळे बाकी सगळ्या गिअरला घरघर आणि चौथ्यात शांत असेल तर खालच्या शाफ्टचं बेरिंग गेलं असं गाडी न खोलता सांगता येतं. मला ही तपासणी फार आवडते.

पाण्याचं एक राहिलं. मुंबईचा २६ जुलै २००५, कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर, चिपळूणचा २०२१ चा, यात बुडालेल्या गाड्यांचं इंजिन सगळ्यांनी बघितलं, गिअरबॉक्सकडे बघायचं कित्येकांच्या ध्यानात येत नाही. गिअरबॉक्सला वर हवा जायला ब्रीदर असतो. चालून गरम झालेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं, त्यासाठी गाडी टपापर्यंत बुडायची पण गरज नाही. काही महिन्यांनी घरघर सुरू होते. गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागली असेल तर ड्रेन प्लगमधून थोडं ऑइल काढून बघायला सांगा, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, लगेच बदला.

गॅरेजला जाताना हे सगळं एका कागदावर लिहून न्या: इंजिन बंद असताना येतो का, पाय टेकवल्यावर काय होतं, पूर्ण दाबल्यावर काय होतं, न्यूट्रलमध्ये पळताना राहतो का, कुठल्या वळणाला वाढतो. आणि मेकॅनिकला शेजारी न बसवता स्टिअरिंगवर त्याला बसवा, तुम्ही शेजारी बसा, पेडल त्याच्या पायाखाली असलं की तो स्वतःच्या कानाने पकडतो. गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला तर खाली असताना इंजिनच्या मागचं ऑइल सील ओलं आहे का बघायला सांगा, तिथून ऑइल गळत असेल तर नवीन प्लेट पण काही दिवसांत भिजेल, आणि ते सील बदलायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागेल.